भातच तर आहे!

मंडळाची खाद्यसमिती ही काय चीज असते, ते ज्यांनी तिच्यात एकदा तरी काम केलं आहे त्यांनाच ठाऊक. ढोकळा की वडा, चारशे पानं धरायची की साडेचारशे, यावर रात्री अकरापर्यंत खल चालतो आणि शेवटी गेल्या वर्षीचाच मेनू पक्का होतो. मागच्या दिवाळी कार्यक्रमाच्या अशाच एका बैठकीला यजमानांनी जवळच्या इटालियन डेलीतून एक भला मोठा ट्रे आणून ठेवला होता. लिंबाएवढे, सोनेरी, कुरकुरीत गोळे. आत केशरी भात, मटार आणि वितळलेलं चीज. आमच्या न्यू जर्सीत पिझ्झाच्या दुकानांत यांना नुसतं 'राइस बॉल' म्हणतात. मूळ नाव अरांचीनी.

"समोशापेक्षा केव्हाही बरं. बटाटा नाही, मैद्याची पारी नाही. भातच तर आहे!" कोणीतरी म्हणालं. सगळ्यांनी माना डोलावल्या. आम्हीही डोलावल्या.

आम्ही म्हणजे आम्ही दोघं. पैकी एकाला नऊ वर्षांपासून मधुमेह आहे. कोणाला ते सांगत नाही, घरात शांतता हवी. या लेखापुरतं 'साखरवाले सभासद' म्हणू. तर या साखरवाल्या सभासदांनी बोलता बोलता, चर्चेच्या ओघात, आठ गोळे संपवले. साडेआठला खाल्ले, साडेदहाला फोनवर पाहिलं. हल्ली दंडावर सेन्सर चिकटवलेला असतो, बोटं टोचायची कटकट गेली. आकडा १५२. "बघा, काही झालं नाही!" असं म्हणून स्वारी समाधानाने झोपली. रात्री साडेबाराला फोनने घर जागं केलं. आकडा २३८. तीन वाजेपर्यंत तो दोनशेच्या खाली उतरायला तयार नव्हता. सकाळी आलेख पाहिला तर डोंगर नव्हताच. डोंगर चढतो आणि उतरतो. हे आपलं दख्खनचं पठार होतं.

आता भात आम्ही दोघंही खातो. वरणभातानंतर साखर तासा-सव्वातासात चढते आणि तीन तासांत खाली येते, हे आम्हाला पाठ आहे. मग हा भात असा का वागला? त्या प्रश्नापायी आमचे काही रविवार गेले, स्वयंपाकघरातला काटा कामाला लागला आणि एका सहलीत देवळं-चर्चं बघायची सोडून आम्ही भाताचे गोळे बघत हिंडलो.

सिसिलीला जायचं आधीच ठरलं होतं. नेपल्सहून रेल्वेने निघालं की मेसिनाच्या सामुद्रधुनीपाशी अख्खी गाडी, डब्यांसकट, बोटीत चढवतात. बोटीवर सगळे प्रवासी डब्यातून उतरून वरच्या उपाहारगृहाकडे धावतात, कारण तिथे अरांचीनी मिळतात. पहिला अरांचीनो हातात आला आणि आम्ही एकमेकांकडे पाहिलं. हा लिंबाएवढा नव्हता. चांगल्या मोठ्या संत्र्याएवढा होता. नावाचा अर्थच 'लहान संत्रं'. रंगही तसा आणि आकारही. त्या एकात दुपारचं जेवण झालं. शेजारच्या बाकावरच्या बाईंनीही एकच घेतला होता, कागदी रुमालात धरून शांतपणे खात होत्या, आणि त्यानंतर त्यांनी फक्त कॉफी घेतली.

नाव घेताना मात्र जपून. बेटाच्या पूर्वेला, कातानियात, तो पुल्लिंगी: अरांचीनो. आकार शंकूसारखा, तिथले लोक सांगतात की तो आमचा एटना ज्वालामुखी. पश्चिमेला पालेर्मोत ती स्त्रीलिंगी: अरांचीना, आणि वाटोळी. या वादात मैत्र्या तुटतात. अखेर २०१६ साली फ्लोरेन्सच्या 'अकादेमिया देला क्रुस्का' या इटालियन भाषेच्या मान्यवर संस्थेने दोन्ही रूपं बरोबर असल्याचा निर्वाळा दिला. वाद अर्थातच मिटला नाही. आपल्याकडे ढेकर आला की ढेकर आली हे कुठे मिटलंय? आम्ही आपलं दोन्ही गावांत 'हे एक द्या' म्हणून बोट दाखवलं.

इतिहासाबद्दल तिथे प्रत्येकजण अरबांकडे बोट दाखवतो. ८३१ साली अरबांनी पालेर्मो घेतलं, केशर आणि भात एकत्र आणला, पुढे कोणा राजाच्या शिकारीसाठी त्या भाताला वरून कवच दिलं, वगैरे. गोष्ट छान आहे. पण १८५७ सालच्या एका सिसिलियन शब्दकोशात अरांचीनूचा अर्थ संत्र्याच्या आकाराचा भाताचा गोड पदार्थ असा दिला आहे. म्हणजे आजचा टोमॅटो, मटार आणि खिम्याचा तिखटमिठाचा अवतार तेवढा पुरातन दिसत नाही. तांदूळही आज सिसिलीचा नव्हे; तो वरून, उत्तरेकडच्या पो नदीच्या खोऱ्यातून येतो.

सगळ्यात आवडली ती तेरा डिसेंबरची कथा. तो सांता लुचियाचा दिवस. १६४६ च्या दुष्काळात याच दिवशी धान्याचं जहाज बंदराला लागलं असं मानतात. लोक इतके भुकेले की दळत बसायला वेळ नव्हता. गहू तसाच उकडून खाल्ला. त्याची आठवण म्हणून पालेर्मोत त्या दिवशी पिठाचं काही खात नाहीत. पाव नाही, पास्ता नाही. उकडलेल्या गव्हाची 'कुच्चीया' करतात, आपल्या गव्हाच्या खिरीची सख्खी बहीण. आणि दिवसभर अरांचीने खातात, सकाळ-दुपार-संध्याकाळ. आता पाव नको म्हणून भाताचा गोळा, पण त्या गोळ्याला वरून कसलं आवरण? मैद्याची खळ आणि पावाचा चुरा! एकादशी आणि दुप्पट खाशी म्हणणाऱ्या आपल्या लोकांना हे समजावून सांगायला नकोच.

पालेर्मोतल्या एका दुकानात काउंटरवरच्या आजोबांना आम्ही विचारलं, लोक किती खातात? मोडक्यातोडक्या इंग्रजीत ते म्हणाले, एक म्हणजे जेवण. दोन खायचे तर बंदरावर हमाली केली पाहिजे. आमची सगळी पोषणशास्त्राची पुस्तकं त्या वाक्याच्या तळाला ठेवून आम्ही परतलो.

परतल्यावर घरी पालेर्मो पद्धतीने आठ केले. खिम्याऐवजी टोमॅटोच्या दाट रसात मटार. आर्बोरिओ तांदूळ चारशे ग्रॅम, म्हणजे एकाला पन्नास. सगळं काट्यावर मोजलं, तेलसुद्धा: तळण्याआधी कढईसकट आणि तळल्यावर कढईसकट. आठ गोळ्यांनी मिळून शंभर ग्रॅमपेक्षा थोडं जास्त तेल प्यायलं होतं, एकाने तेराच्या आसपास. मग हिशेब मांडला. पन्नास ग्रॅम तांदळाच्या १८० कॅलरी. आत आणि भातात मिळून पंचवीस ग्रॅम चीज, ८५. लोणी पाच ग्रॅम, ३६. मटार-टोमॅटो, ४०. पावाचा चुरा आणि मैदा मिळून वीस ग्रॅम, ७५. आणि तेल, जवळपास १२०. बेरीज सव्वापाचशेच्या वर, साडेपाचशेच्या आत. कर्बोदकं ५९ ग्रॅम, स्निग्ध पदार्थ २६, प्रथिनं १३. खिमा घातला तर प्रथिनं थोडी वाढतील, चरबीही.

आकडे कोणाला पटकन भिडत नाहीत, आम्हालाही नाही. म्हणून पोळीत सांगतो. तीस ग्रॅम कणकेच्या पोळीत साधारण साडेएकवीस ग्रॅम कर्बोदकं असतात. म्हणजे एक अरांचीनो म्हणजे पावणेतीन पोळ्या, त्यावर जवळजवळ दोन मोठे चमचे निव्वळ चरबी. 'भातच तर आहे' म्हणताना त्यातला भात हा तिसऱ्या हिश्श्याच्या कॅलरी देतो, हे आमच्या लक्षात आलं नव्हतं. बाकीच्या दोन हिश्श्यांची नावं कोणी घेत नाही.

आणि पठाराचं रहस्यही तिथेच आहे. चरबी पोटातून अन्न पुढे सरकायचा वेग मंदावते, आणि काही तास इन्शुलिनचा परिणामही थोडा कमी करते. भात पोटात रांग लावून उभा राहतो. दोन तासांनी मोजलं तर साखर सज्जनासारखी बसलेली दिसते. खरा पाहुणा तीन-चार तासांनी येतो, आपण झोपलेले असताना. पिझ्झा खाणाऱ्या मधुमेह्यांना हे चांगलं माहीत असतं. जेवणाआधी जलद काम करणारं इन्शुलिन टोचून घेणाऱ्यांची तर दुहेरी पंचाईत: औषध आधी येऊन जातं, साखर आधी खाली आणि मग वर. अशांनी तळणीच्या जेवणाबद्दल आपल्या डॉक्टरांना मुद्दाम विचारावं. आमच्या डॉक्टरांना आम्ही आलेख दाखवला तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला: "दोन तासांनंतर तुम्ही बघतच नव्हता ना?" नऊ वर्षं बघत नव्हतो.

यात आपल्या लोकांनी जरा जास्तच लक्ष घालायला हवं. आपल्या अंगकाठीला मधुमेह लवकर गाठतो. वजन फारसं नसलं तरी गाठतो. २०१५ साली अमेरिकन डायबिटीस असोसिएशनने आशियाई वंशाच्या लोकांसाठी तपासणी सुरू करायची बीएमआयची मर्यादा २५ वरून २३ वर आणली, ती याच कारणाने. आमच्या मंडळाच्या कार्यक्रमाला पहिल्या चार रांगांत बसणाऱ्यांपैकी किती जणांच्या खिशात गोळ्या असतात ते मध्यंतरात पाण्याच्या टेबलाजवळ उभं राहिलं की कळतं.

आता त्या लिंबाएवढ्या गोळ्यांकडे वळू. आमची सगळ्यांची समजूत अशी, की लहान आहे म्हणजे कमी बाधेल. शाळेतली भूमिती आठवा. एक मोठा गोळा मोडून त्याच वजनाचे आठ लहान केले तर पृष्ठभाग बरोबर दुप्पट होतो. तळण्यात तेल आत खोलवर मुरत नाही, ते कवचात राहतं. म्हणजे कवच दुप्पट, पावाचा चुरा दुप्पट आणि तेलही जवळजवळ दुप्पट. सगळी वजाबाकी केली तरी त्याच वजनाच्या खाण्यात दीडशेच्या वर कॅलरी जास्त! शिवाय एक मोठा खाणाऱ्याला आपण एक खाल्ला हे कळतं. आठ लहान खाणाऱ्याला विचारा, तो म्हणेल, "तीन-चार घेतले असतील." आमच्याकडच्या सभासदांनी तेच सांगितलं होतं. टूथपिका आम्ही मोजल्या म्हणून आठ.

तळण्याबद्दल आणखी एक गोष्ट, जी आपल्या आयांना न शिकताच कळली होती. गोळा गरम तेलात पडला की त्यातलं पाणी वाफ होऊन जोराने बाहेर येतं. ते बुडबुडे तेलाला आत शिरू देत नाहीत. तेल साधारण ३५० फॅरनहाइटला, म्हणजे आपल्या १७५-१८० सेल्सिअसला असेल तर कवच लगेच धरतं. तेल थंड असलं, किंवा घाईने कढईत एकदम दहा सोडले, की वाफ मंदावते आणि गोळे तेलकट होतात. पण खरी गंमत बाहेर काढल्यावर. थंड होताना आतली वाफ पाण्याचं रूप घेते, पोकळी होते आणि पृष्ठभागावरचं तेल आत ओढलं जातं. बरंचसं तेल कढईत नव्हे, ताटात शिरतं! म्हणून झाऱ्यावर अर्धा मिनिट निथळून, गरम असतानाच टिपकागदावर फिरवायचं. थाळीत रचून ठेवून मग पुसण्यात अर्थ नाही. आमची आई वडे काढताना कढईच्या काठावर झारा दोनदा आपटायची, ते काही संगीतासाठी नव्हतं.

एअर फ्रायरवाले आता पुढे सरसावले असतील. आम्हीही सरसावलो होतो. वरून चमचाभर तेलाचा हात लावून भाजले तर नऊ-दहा ग्रॅम तेल वाचतं, ऐंशी-नव्वद कॅलरी. वाचवावंच. कवच जरा कोरडं होतं, पण खाण्यासारखं होतं. मात्र ५९ ग्रॅम कर्बोदकं जागच्या जागी राहतात. एअर फ्रायर तेल काढतो, भात काढत नाही. आमच्या आलेखात भाजलेल्या अरांचीनोची साखर लवकर, दीड तासातच चढली आणि झोपायच्या आत उतरलीही. चरबी कमी म्हणजे रांग भराभर सरकली. उंची फारशी कमी झाली नाही, पण रात्रीची झोप मिळाली. हा एका घरातला, एका माणसाचा प्रयोग आहे बरं का. तुमचं शरीर तुमचं.

आणि शिळ्या भाताचं काय? हल्ली सगळीकडे चर्चा असते की गार केलेला भात मधुमेहाला चांगला. त्यात तथ्य आहे. शिजलेल्या भातातला काही स्टार्च गार झाल्यावर पुन्हा घट्ट बांधला जातो, मग तो लहान आतड्यात पचत नाही आणि तंतुमय पदार्थासारखा पुढे जातो. २०१५ साली इंडोनेशियात पंधरा निरोगी माणसांवर केलेल्या अभ्यासात ताज्या भातात असा स्टार्च शंभर ग्रॅममागे ०.६४ ग्रॅम निघाला; चोवीस तास फ्रीजमध्ये ठेवून पुन्हा गरम केलेल्या भातात १.६५. साखरही कमी चढली. अरांचीनीचा भात आदल्या दिवशी करून गार करावाच लागतो, नाहीतर गोळे वळत नाहीत, तेव्हा हा फायदा आपोआप मिळतो. पण फायदा किती, तर शंभराला एक ग्रॅम. शिवाय बांधला जाणारा अमायलोज नावाचा स्टार्च आर्बोरिओत बासमतीपेक्षा कमी. त्याचा चिकटपणा त्यामुळेच. तेवढ्या भांडवलावर दुसरा गोळा उचलू नये. आमच्या पिढीने फोडणीचा भात काय औषध म्हणून खाल्ला होता?

भात गार करताना मात्र एक पथ्य. पातेल्यात झाकून रात्रभर ओट्यावर ठेवू नका. भातात बॅसिलस सेरियस नावाचे जंतू असतात, त्यांची बीजं उकळूनही मरत नाहीत. कोमट भातात ते वाढतात आणि त्यांचं एक विष पुन्हा तळूनही जात नाही. परातीत पातळ पसरा, गार झाला की लगेच फ्रीजमध्ये.

शाकाहारी मंडळींसाठी दोन शब्द. डेलीत 'मटार-चीजचा' म्हणून देतात तो भात मांसाच्या रश्श्यात शिजवलेला असू शकतो, विचारून घ्या. पालेर्मोत 'बुर्रो' म्हणजे लोण्याचा म्हणून जो मिळतो त्यात सहसा डुकराच्या मांसाचे तुकडे असतात; नावावर जाऊन आमची एकदा फसगत झाली. कातानियाकडचा 'नोर्मा' वांगं-टोमॅटोचा असतो, तो आम्हाला सगळ्यात आवडला. खऱ्या पार्मिजानो-रेज्जानो चीजला वासराच्या पोटातलं रेनेट लागतंच. ज्यांना चालत नाही त्यांनी वनस्पतिजन्य रेनेटचं दुसरं चीज घ्यावं. आणि अंड्याची गरज नाही. सिसिलीत बहुतेक ठिकाणी मैदा आणि पाण्याची खळच वापरतात, ती अंड्यापेक्षा छान चिकटते.

आता आमच्या घरी जो बनतो तो असा. चारशे ग्रॅम तांदळाचे आठ नव्हे, बारा. भात केशर घालून, लोण्याशिवाय, आदल्या रात्री. आत मटार भरपूर, प्रत्येकी चाळीस ग्रॅम, कारण मटारात प्रथिनं आणि तंतू दोन्ही आहेत आणि भाताची जागा तो अडवतो. मोझरेलाचा एक तुकडा, तो हवाच. ओल्या हाताने वळायचे, मोदकाच्या पारीसारखी खोलगट वाटी करून सारण भरायचं. उकडीचे मोदक येणाऱ्यांना हे शिकवावं लागत नाही. खळ, पावाचा बारीक चुरा, तेलाचा हात, आणि चारशे फॅरनहाइटच्या ओव्हनमध्ये रंग येईपर्यंत. एकात कर्बोदकं चाळीसच्या आसपास, म्हणजे जवळपास दोन पोळ्या. पानात एकच. बाजूला काकडीची कोशिंबीर, आणि ती आधी खायची. भात-पोळी त्या जेवणात नाही. हे सगळं दुपारी, रात्री नाही, आणि नंतर वीस मिनिटं चालणं. पहिल्या रविवारी साखरवाल्या सभासदांचा आकडा सर्वात वर गेला तो १७४. चार तासांनी १३१.

मग आम्ही समितीत हा प्रस्ताव मांडला. ट्रे नको, टूथपिका नकोत; अरांचीनी ठेवायचे तर जेवणातच ठेवू, प्रत्येक पानात एक, पुलावाच्या ऐवजी. बैठक अकरा वाजेपर्यंत चालली. "ऐवजी?" हा शब्द सात वेळा उच्चारला गेला. शेवटी वसंतोत्सवाच्या दुपारच्या जेवणाला करून पाहायचं ठरलं. सहा घरांत मिळून दोनशे चाळीस वळले. पानात एक, कोशिंबीर, टोमॅटोचं सार आणि श्रीखंड अर्धी वाटी. श्रीखंड रद्द करायचा ठराव आम्ही मांडलाच नव्हता, आम्हालाही मंडळात राहायचं आहे.

जेवण झाल्यावर दोन तक्रारी आल्या. एक, पुलाव कुठे आहे. दुसरी, एकच का. दोन्ही आम्ही खाद्यसमितीच्या पुढच्या बैठकीच्या कार्यक्रमपत्रिकेवर घातल्या आहेत.